समुद्र पाठीमागून आला

मुलांच्या पुस्तकात देवमासा आहे, पेंग्विन आहे, पण महाडच्या खाली खाडीच्या चिखलात उड्या मारणारा निवटा मासा नाही. याचा मला राग होता आणि तो मी पत्रकात छापला. 'समुद्र महाड तालुक्यात येतो. रोज येतो. तो बघणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे!' दर मार्चला चवदार तळ्यावर पत्रकं वाटून माझा हात बसलेला. नजर चुकवून निघालेल्या माणसालाही कागद घेतल्याशिवाय मी सोडत नाही.

वर डोंगरातल्या कुडपणच्या शाळेत मात्र पालक समितीच्या अध्यक्ष काकींनी कागद घेतला आणि मलाच धरलं.

"समुद्र महाडात? मग मी काय गो जन्मभर डोळं मिटून बाजाराला गेले?"

"भरतीचं पाणी नदीत उलटं चढतं, काकी."

"उलटं! पाणी!" अख्खी बैठक हसली. माझी मागणी एकच होती, शाळेनं मुलांना दरवर्षी एक दिवस खाडीवर न्यावं. काकी म्हणाल्या, "यंदा मी येते सोबत. दिसला समुद्र तर दरसाल नेऊ. नुसता चिखल दाखवलास तर परत पोरांना धाडणार नाय."

ठरल्या दिवशी न्याहारी करून दोन जीप भरून निघालो. पोलादपूर, महाड मागे टाकून दासगावजवळ खाडीच्या काठावर उतरलो, तेव्हा ओहोटी होती. पाणी शहाण्यासारखं खाली चाललेलं.

"ही तर आपलीच सावित्री," काकी म्हणाल्या. "समुद्र कुठाय?"

"येईल. बसा."

सगळे बसले. मुलं, काकी, जीपवाले, झाडून सगळे डोंगराकडे तोंड करून. कुडपणात पाणी येतं ते वरूनच, त्यामुळे वाट बघायची ती वरच्या अंगाला. मीही त्यांच्यापुढे उभी राहून, पत्रकात डोकं घालून ते वाचायला लागले. तिवरांची, म्हणजे खारफुटीची मुळं, त्यांत वाढणारी माशांची पिल्लं, आपली जबाबदारी. कुणी ऐकेना. भाकरीची फडकी सुटली होती.

तेवढ्यात एका मुलीची चप्पल चिखलात रुतून निघाली, पाण्यात पडली आणि वाहून गेली. तिनं भोकाड पसरलं.

"वा गो! तुझा समुद्र येईना, वर पोरीची चप्पल गेली," काकी म्हणाल्या.

जीपवाला हसला. मला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तकातला पेंग्विन.

मुलगी चपलेसाठी काठाकाठानं खाली गेली होती. तिथून तिचं रडणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं. "काकी, मासा चालतोय!"

सगळे वळले. डोक्यावर दोन बटबटीत डोळे घेऊन निवटे चिखलात टुणटुण उड्या मारत वर येत होते, तिवरांच्या मुळांवर चढत होते. त्यांच्यामागे पाणी येत होतं. फेस, सुकी पानं, थर्माकोलचा एक तुकडा, सगळं डोंगराच्या दिशेनं चाललेलं. आणि त्यात ती चप्पल!

"उलटी येतेय रे!"

"आपल्या पाठीमागून आला समुद्र!"

पुढचा गोंधळ विचारू नका. कुणी निवट्यामागे धावलं, कुणी चपलेमागे. काठाच्या उथळ पाण्यात बोय माशाच्या पिल्लांचा घोळका शिरला, तसे जीपवालेही चपला काढून चिखलात उतरले. काकींनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय." मग माझ्यावर डोळे वटारले. "खाली बघायचं ते आधी नाय सांगता आलं?"

"पत्रकात आहे, काकी."

"पत्रक कोण वाचतंय!"

एक जीपवाला भानावर आला, निघूया म्हणाला. काकींनी त्याला गप्प केलं. "थांब रे. अजून चढतंय." मुलांनी चिखलात काड्या रोवल्या होत्या आणि कुणाची काडी आधी बुडते यावर भांडणं लागली होती. काकींचीही एक काडी होती.

ती बुडाल्यावर त्या पदराला हात पुसत माझ्याकडे आल्या. "दरसाल आणू. आयांनापण आणू. फक्त तू भाषण करायचं नाय."

मागितलं त्यापेक्षा जास्त मिळत होतं. मी जागच्या जागी कबूल केलं.