बांगड्यांच्या बदल्यात कोलंबी

जानेवारीतलं धुकं खाडीवरून वर येऊन कोपरच्या वस्तीत शिरलेलं. शेवंती कोळीण ओट्यावर बसून कोलंबी निवडत होती आणि तिची मधली लेक मंजुळा बर्फ फोडून पाटीत भरत होती. रविवार, शाळा नाही. म्हणजे आईबरोबर डोंबिवलीत मासळी विकायची फेरी. स्वेटरच्या बाह्या भिजून गार पडल्या तरी पोरगी त्या वर सारत नव्हती.

बाहीखाली चार लाल काचेच्या बांगड्या होत्या. रखमाबाई कासारणीच्या दुकानातून चोरलेल्या.

सत्त्याऐंशी साल, मंजुळा आठवीत. वर्गातल्या शालूच्या टोळक्यात शिरायचं तर प्रत्येकीनं दुकानातून काहीतरी उचलून दाखवायचं, असा नेम होता. कुणी टिकल्या उचललेल्या, कुणी रिबिनी. मंजुळा टाळत राहिली. मग मधल्या सुट्टीत शालू सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या डब्याचा वास आम्ही सोसतो ना गं? मग एवढं तरी कर." सगळ्या हसल्या. मंजुळाही हसली. त्या हसण्याची लाज तिला पुढे चोरीच्या लाजेहून जास्त पुरली.

त्याच संध्याकाळी बाकीच्यांनी रखमाबाईला पिना दाखवायला लावलं आणि मंजुळानं बांगड्या चढवून बाही खाली ओढली. घाईत लहान मापाच्या हाती लागल्या. घरी साबण लावूनही उतरेनात. थोरल्या बहिणीचं लग्न तोंडावर, अशा घरात बांगडी फोडायची तरी कशी? आईला दिसल्या तेव्हा मंजुळा बोलून गेली, "शालूच्या आईनं भरल्या. हळदीकुंकू होतं त्यांच्याकडं."

शेवंतीला कुणाचं नुसतं घ्यायला जमत नसे. म्हणून आज तिनं मोठी मोठी कोलंबी वेगळी काढून केळीच्या पानात बांधली. ते लोक मासळी खात नाहीत, असं मंजुळानं वाटेत सांगून बघितलं. कोकणातली माणसं आणि खात नाहीत होय, म्हणत आई शालूच्या इमारतीचा जिना चढली.

दारात शालूची आई आली. शेवंतीनं पुडा पुढे केला. "माज्या पोरीला बांगड्या भरल्या तुमी, बाय. हे घ्या."

"मी? कुठल्या बांगड्या?"

पडद्याआडून शालू आली. मंजुळाकडे न बघता म्हणाली, "ही आपल्याकडे कधी आलेलीच नाही. रखमाबाईच्या दुकानात विचारा म्हणावं."

शेजारची दारं उघडीच होती. शेवंतीनं लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. पुडा तिनं परत घेतला नाही, उंबऱ्याशी ठेवला. पाटी डोक्यावर घेताना मात्र तिचे हात चुकले आणि बर्फाचं पाणी गळ्यावरून पोलक्यात उतरलं. एवढ्या वर्षांत तिची पाटी कधी कलली नव्हती.

जिन्यात थोबाडीत बसेल म्हणून मंजुळा एक पायरी मागे राहून उतरली. आईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. थेट रखमाबाईच्या दुकानासमोर पाटी उतरवली आणि म्हणाली, "बोल गो."

मंजुळा बोलली. शालूचं नावही घेतलं, आणि घेता घेता गप्प झाली. बांगड्या काही शालूच्या हातात नव्हत्या.

रखमाबाईनं तेल लावून, पंजा दाबत दाबत, एकेक बांगडी न तडकवता उतरवली. शेवंती कमरेची पिशवी सोडायला लागली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. बांगड्या पुसून दोरीत ओवल्या. थोरलीचा चुडा भरायला ठरल्याप्रमाणे येईन, असं शेवंतीला सांगितलं. मग मंजुळाकडे बघून म्हणाली, "तू यायचं तर आईबरोबर ये. एकटी येऊ नकोस."

मंजुळानं मान हलवली. टोळकं तर सुटलंच होतं, आता हे दुकानही. शेवंतीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पदराची चुंबळ पुन्हा वळायला घेतली.

पुढच्या गल्लीत एका बाईनं हाक मारली, कोलंबी साफ करून मिळेल का विचारलं. शेवंती भाव सांगत राहिली. मंजुळा खाली बसली, ओल्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कोलंबी सोलायला लागली.