मामांची समजूत काढण्याचे वेळापत्रक

मानवी प्रगतीचा इतिहास म्हणजे तेच ते काम पुन्हा पुन्हा करण्यातून सुटका करून घेण्याचा इतिहास आहे. (हे वाक्य माझे नाही. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत एका प्रशिक्षणात ऐकले. जेवण चांगले होते, म्हणून लक्षात राहिले.)

त्या प्रशिक्षणात आम्हाला प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर शिकवले. ठरावीक दिवशी परत परत करायचे काम त्यात एकदा भरले, की ते पुढे आपोआप उगवते आणि संबंधितांना मोबाइलवर संदेश जातो. त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचे, कल्पनाचे, लग्न ठरले. पौडच्या घरी आई एका जुन्या वहीत कामे लिहीत होती. ती वही मी काढून घेतली.

"आई, आता हा प्रकल्प आहे."

"लगीन हाय त्ये," आई म्हणाली. "आन् माझ्या भावाला इसरू नगं. लगीन म्हणलं की त्यो रुसतोयच. अधनंमधनं माल्याला जाऊन इचारपूस करीत जा."

मामा माले गावचे. घरी पंधरा शेळ्या आणि गावभर वट. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. तो नसेल तर भटजी तोंड उघडत नाहीत. म्हणून मी काम नोंदवले: 'मामांची समजूत काढणे.' केव्हा? दर रविवारी, सकाळी नऊ. संबंधित व्यक्ती? इथे मी, अत्यंत प्रामाणिकपणे, मामांचे नाव आणि त्यांचा नवाकोरा मोबाइल नंबर टाकला!

रविवारी संदेश गेला. मामांना वाचता येत नसल्याने त्यांनी फोन किराणा दुकानदाराच्या हातात दिला. त्याने तो भर गिऱ्हाइकांत खणखणीत आवाजात वाचला: "मामांची समजूत काढणे. काम अपूर्ण. मुदत आज."

तोवर मामा रुसलेले नव्हते.

मी मोटारसायकल काढून माल्याला पोचलो.

"म्या रुसलो व्हतो?"

"नाही, मामा."

"मंग समजूत कशाची काढतुयास?"

"तुम्ही रुसू नये, म्हणून आधीच..."

"म्हंजी म्या रुसणार ह्ये तुमी ठरवूनच टाकलं! जा, न्हाई येत लग्नाला!"

दोन तास आणि मामींचे तीन चहा खर्ची पडल्यावर मामा निवळले. घरी येऊन मी अभिमानाने त्या कामापुढे 'पूर्ण' अशी खूण केली. ते पूर्ण झाले असे कळताच सॉफ्टवेअरने तत्परतेने पुढच्या रविवारचे काम तयार केले!

त्या रविवारी दुकानात नऊच्या आधीच गर्दी. (काहींनी पोरेही आणली होती.) संदेश आला. दुकानदार म्हणाला, "आज बी अपूर्णच हाय, पाव्हणं!" मामांनी फोन बंद केला आणि आम्हाला निरोप धाडला: नवरीच्या पाठीशी मोबाइल उभा करा.

लग्नाला चार दिवस उरले होते. आई रडायला लागली. कल्पना रडली नाही. ती म्हणाली, "दादा, लग्न मोडलं ना, तर जन्मभर तुझ्या घरी राहीन. आणि वहिनीला कारण सांगेन."

मी ते काम मुळासकट पुसले आणि पुन्हा माल्याला गेलो. मामा शेळ्यांपाशी होते.

"काढून टाकलं, मामा. आता कधीच येणार नाही."

"कंदीच?" मामांचा आवाज एकदम चढला. "म्हंजी लगीन उरकलं की मामाला कुनी इचारायचं न्हाई, व्हय?"

"तसं नाही..."

"दर रविवार म्हणलंवतंस न्हवं? मंग येत जा. शेळ्यास्नी पाला तोडाया मानूस लागतंयच."

"किती रविवार?"

"तुज्या कम्प्युटरात किती व्हते?"

कम्प्युटरात शेवटची तारीख टाकायचा रकाना होता. मी तो रिकामा सोडला होता. मी मान डोलावली.

लग्नात मामा नवा फेटा बांधून कल्पनाच्या पाठीशी असे ताठ उभे राहिले, की फोटोत नवरदेव कोणता ते शोधावे लागते.

त्याला आता दोन वर्षे होतील. कंपनीने ते सॉफ्टवेअर केव्हाच बदलले. मी दर रविवारी सकाळी नऊ वाजता माल्यात पाला तोडतो.