आवळलेला पंजा

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. इंजिनांवर त्यांचा जीव होताच, पण त्याहून जास्त जीव एका काचेच्या पेटीवर होता, आणि हे आई त्यांना रोज ऐकवायची. रेल्वेच्या साहेब लोकांचा दौंडात क्लब होता. स्वातंत्र्यानंतर साहेब एकेक करून निघून गेले, तेव्हा क्लबातलं सामान विकायला निघालं. शहाण्या माणसांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली. आमच्या आप्पांनी ही बंद पडलेली पेटी घेतली.

पुरुषभर उंचीची पेटी, वरचा अर्धा भाग काचेचा. आत यार्डात असते तशी क्रेन, पण हातभर, आणि तिच्या टोकाला तीन बोटांचा लोखंडी पंजा. आणा टाकला की बाहेरचं चाक मोकळं व्हायचं. चाक फिरवलं की क्रेन वळायची, पंजा खाली जाऊन मिटायचा आणि सापडेल ते घेऊन वर यायचा. आप्पांनी तळाला चिंचोके पसरले होते आणि त्यांवर कंगवे, शिट्ट्या, आरसे, पत्र्याच्या मोटारी मांडल्या होत्या. धरलेली वस्तू कोपऱ्यातल्या भोकात पडली तर तुमची, मधेच सुटली तर नशिबाला बोल लावायचा. लोक तिला पंज्याची पेटी म्हणत.

जत्रांच्या दिवसांत आप्पा रजा टाकत आणि आम्ही ती पेटी ट्रकवर चढवून शिरूरच्या बाजूला नेत असू. शिरूरला तेव्हा सगळे घोडनदीच म्हणायचे. काचा पुसणं आणि वस्तू मांडणं माझ्याकडे. पंज्याला मात्र आप्पा कुणाला हात लावू देत नसत. त्याच्या बोटांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवलेले होते आणि वर एक स्प्रिंग होती, ती नटानं कमीजास्त व्हायची. दर जत्रेच्या सकाळी आप्पा आत एक लिंबू ठेवत. पंज्यानं लिंबू उचललं पाहिजे, पण सालीवर वळ उठता कामा नये. वळ उठला तर नट सैल करायचा, लिंबू घसरलं तर जरा आवळायचा. एकदा जमलं की दिवसभर पान्याला हात नाही. बाकीचे खेळवाले गिऱ्हाईक बघून खेळ सोपा-अवघड करत. आप्पा म्हणायचे, "पाटील असू दे न्हाईतर पाटलाचा गडी, पंजा एकच." ह्या एका गोष्टीचा त्यांना केवढा ताठा होता!

मी सतरा-अठरा वर्षांची झाले आणि घोड नदीकाठच्या एका गावचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरी बागायत. तो पाहायला आला तेव्हा माझ्या स्वयंपाकाबद्दल त्याच्या काकांनी विचारलं, शिवणाबद्दल काकूंनी विचारलं. त्यानं एवढंच विचारलं, "त्या पेटीतली क्रेन उलटी फिरती का?" मी म्हणाले, "फिरती, पण आधी पंजा वर यावा लागतो." तो हसला. खरं सांगते, मला तो तेवढ्यावरच आवडला. पुढे माझा संसार दुसऱ्या घरी झाला आणि चांगला झाला, नवऱ्याला बोल लावावा असं काही घडलं नाही. पण पेटीबद्दल मला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

मुलगी पसंत असल्याचा निरोप आला. आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती, आणि त्यासाठी मुलीच्या बापानं त्यांच्या घरी जायचं, ही रीत. मुलाकडची माणसं आपण होऊन येत नसत. येतील कशी? मानपान आडवा येतो ना. आप्पांनी ठरवलं, त्यांच्या गावची जत्रा उरकली की जायचं.

त्या मुलाचे आजोबा, सगळ्या गावाचे आबा, जत्रेचे मानकरी होते. पहिला नारळ त्यांचा, पाळण्यात पहिली बैठक त्यांची, तसा आमच्या पेटीवरचा पहिला डावही त्यांचाच. आदल्या वर्षी त्यांचा पंजा रिकामा वर आला होता. म्हातारा खदाखदा हसला होता. "लई लबाड हाय की तुमचा पंजा!" म्हणून त्यांनी पुन्हा आणा टाकला होता. ते हसणं आमच्यापैकी कुणीतरी लक्षात ठेवायला हवं होतं.

त्या सकाळी लिंबाची परीक्षा झाली, पंजा बरोबर लागला. मग आई आप्पांजवळ आली. "अवंदा आबांचा हात रिकामा जाऊ देऊ नका. आता ते परके न्हाईत. चार माणसांत शोभतं का?" आप्पा आधी चिडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काच पुसत होते. त्यांनी पाना घेतला, पेटीचं मागचं दार उघडलं आणि नट आवळला. पुन्हा लिंबू लावायला वेळ नव्हता, ताशा वाजवत माणसं जवळ आली होती.

आबांनी आणा टाकला. आरसे, मोटारी सोडून त्यांनी क्रेन हिरव्या बांगड्यांवर आणली. दोऱ्यानं बांधलेल्या त्या बांगड्या मीच सकाळी मांडल्या होत्या. गर्दीतली एक बाई म्हणाली, "आबा, नातसुनंला व्हय?" सगळे हसले. मी लाजून पेटीमागे झाले. पंजा खाली गेला, मिटला, बांगड्या घेऊन झकास वर आला. आणि अर्ध्यावर कडकड आवाज झाला. चिंचोक्यांवर हिरवी काच सांडली.

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. "वाढल्या गं बाई," असं कुणीतरी पुटपुटलं, आणि हसणं थांबलं. आबांनी चाकावरचा हात काढला, पागोटं नीट केलं आणि ते देवळाकडे चालते झाले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी आमची गत.

आप्पा सुपारीला गेलेच नाहीत. आईनं विनवलं, भांडून पाहिलं. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच ते म्हणत. आम्ही समजलो, मुलाकडच्यांना अपशकुन वाटला असेल, त्यांनीच पाऊल मागे घेतलं असेल. पेटी एका तमाशाच्या फडवाल्याला देऊन टाकली. त्या मुलाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझंही झालं.

बऱ्याच वर्षांनी शिरूरच्या एस. टी. स्टँडवर एका बाईनं मला ओळखलं. त्या मुलाची थोरली बहीण. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ती म्हणाली, "तुमचे आप्पा असं का वागले वो? आमचे आबा किती वाट बघत व्हते. म्हणायचे, काच हाय ती, फुटायचीच, त्यात पोरीचा काय दोष? शेवटी रीत सोडून निरोप धाडला कंडक्टरकडनं, की सुपारीला या. तुमच्याकडनं कोण आलंच न्हाई. आबांना लई लागलं ते."

तिथून मी घरी गेले नाही, थेट दौंडला माहेरी गेले. आप्पा रिटायर झाले होते, ओसरीवर बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आबांचा निरोप आला व्हता?"

त्यांनी माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आला व्हता."

"मग गेला का न्हाई तुम्ही?"

"त्यांना वाटलं, चुकून झालं. पण पंजा मी आवळला व्हता. जन्मात पयल्यांदा लबाडी केली, आन् ती त्या देवमाणसाशी. हे पोटात ठिवून त्यांच्या दारात कसा जाऊ? आन् सांगून टाकायची छाती झाली न्हाई."

असा त्यांचा खरेपणा. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, पण त्या दिवशी मला त्याचाच राग आला.

"लबाडी माझ्यापायी केली ना? मग मला तरी विचारायचं, आप्पा. ती लबाडी पोटात ठिवून मी नांदले असते."

"तू तवा लहान व्हतीस," ते म्हणाले.

"लग्नाला मोठी, आन् विचारायला लहान?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते रडायला लागले. माझा राग गेला, पण त्यांना उगी करायला माझा हात काही लवकर पुढे झाला नाही.