काटा जागेवर होता

ओमानमध्ये मी हीटिंगचा बॉयलर सांभाळतो असं गावी सांगितलं की लोक हसतात. आखातात हीटर कशाला, म्हणतात. माझा पारा तिथेच चढतो. जबल अख्दरच्या माथ्यावर जानेवारीतल्या सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ धरतं, हे त्यांना कोण सांगणार! आमचं हॉटेल त्या डोंगरावर आहे. मस्कतची माणसं मुद्दाम थंडी अनुभवायला वर येतात आणि बॅगा ठेवायच्या आधी रिसेप्शनला फोन करतात, खोली गरम करा म्हणून. खोल्या गरम ठेवायचं काम बॉयलरचं आणि बॉयलरचं काम आम्हा दोघांचं होतं.

दुसरे म्हणजे काका. नात्याने कोणी नव्हेत. ते मालवणकडचे, मी चिपळूणचा. त्यांची अठ्ठावन्नाव्या वर्षातली तब्येत माझ्या बेचाळिशीला लाजवेल अशी. मला इथली नोकरी त्यांनीच लावली आणि कामही त्यांनीच शिकवलं. पहिल्याच दिवशी माझ्या हातात लॉगबुक ठेवून म्हणाले, "जां करशीत तां लिवून ठेव. तोंडचा कोणाच्या लक्षात रवणा नाय." मी तेव्हापासून सगळं लिहीत आलो.

दिवसपाळी माझी, रात्रपाळी त्यांची. संध्याकाळी सहाला ते यायचे, मग आम्ही काळा चहा प्यायचो आणि बॉयलरपासून गावच्या भानगडींपर्यंत सगळं बोलून व्हायचं. लॉगबुकात काय लिहिलंय ते त्या चहात आपसूक सांगून व्हायचं. तो चहा त्यांच्या किती कामाचा होता हे मला फार उशिरा कळलं.

त्या जानेवारीत बॉयलरचं पाणी कमी पडायला लागलं. आमच्या पाइपांमध्ये तेच ते पाणी फिरत असतं. ते बाहेर जायचं कारण नसतं. गार असताना दाब दीड बार हवा. एकच्या खाली गेला की बॉयलर स्वतःहून बंद पडतो. आधी तीन-चार दिवसांतून एकदा व्हायचं, मग रोज व्हायला लागलं. मी सकाळी सहाला पोचावं तर बॉयलर बंद, खोल्या गार आणि रिसेप्शनचा फोन वाजतोय.

"मी भरलंय रे पाणी," काका सांगायचे. "काटो जाग्यार आणून ठेवलंय. खय जाता कळणा नाय."

गळती शोधण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. मी पंपाखाली वर्तमानपत्रं अंथरली. एकेका जोडावर टिश्यू पेपर गुंडाळला आणि तासाभराने सोडून पाहिला. चाळीस खोल्यांची छतं उघडली. पाणी तापून फुगतं तेव्हा त्याला जागा देणारी एक टाकी असते. तिच्यातला रबरी पडदा फाटला असेल म्हणून तीही तपासली, तर पडदा धडधाकट. सगळं कोरडं ठणठणीत होतं. रोज आमच्या वरचा इंजिनियर येऊन विचारायचा आणि मी रोज नवीन काहीतरी सांगायचो. तो केरळचा, सभ्य माणूस, पण वर उत्तरं त्यालाच द्यायची होती.

शेवटी पाण्याची वाट सापडली ती आमच्या बागेच्या म्हाताऱ्या ओमानी माळ्यामुळे. एका संध्याकाळी तो बॉयलर रूमच्या मागच्या भिंतीपाशी उभा होता. जवळच त्याची शेळी चरत होती.

"शूफ," तो मला म्हणाला, म्हणजे बघ. "इधर कभी घास नहीं था. अब मेरा बकरी रोज इधर आता है."

नुसत्या दगडांच्या त्या जागेत हातभर लांबीचा हिरवा पट्टा उगवला होता, आणि त्याच्या बरोबर वर भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता. तो सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप. दाब तीनच्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी तिथून बाहेर टाकतो. एकदा उघडला की बारीक कचरा अडकून मग तो नीट बसत नाही, ठिबकत राहतो. इथल्या कोरड्या हवेत ते पाणी सुकून जायचं, म्हणून आम्हाला डबकं कधी दिसलं नाही. म्हणजे गळती नव्हतीच. कोणीतरी पाणी जास्त भरत होतं. दीडच्या ठिकाणी सव्वादोन भरलं तर रात्री तापल्यावर ते तीनच्या वर जाणारच.

मी तसाच आत गेलो. काका नुकतेच कामावर आले होते आणि पाणी भरण्याचा नळ बंद करत होते. इंजिनियर शेजारी उभा होता. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा सव्वादोनवर होता.

माझं डोकं सटकलं. दोन आठवडे मी छतांमध्ये डोकं घालून फिरत होतो आणि कारण माझ्यासमोर नळ फिरवत उभं होतं.

"काका, किती भरलंत?"

"दीड," ते शांतपणे म्हणाले. "काटो जाग्यार आसा."

"जागा कसली? आकडा वाचा! गेज बदललंय ना मी! लॉगबुकात लाल पेनाने लिहून ठेवलंय. वाचता येत नाही का तुम्हाला?"

जुनं गेज चार बारपर्यंतचं होतं. त्याचा काटा अडकायला लागला म्हणून मी ते बदललं. स्टोअरमध्ये सहापर्यंतचंच होतं, तेच बसवलं. तो जानेवारीतला पहिला गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी माझी आठवड्याची सुट्टी, खाली मस्कतजवळ सीबला घरी मुलीच्या शाळेचा कार्यक्रम, म्हणून मी लॉगबुकात लिहून काका यायच्या आधीच डोंगर उतरलो होतो. त्या दिवशी चहा झाला नव्हता. पुढे रोज झाला, पण गेजचं मी लिहून मोकळा झालो होतो. परत कशाला सांगायचं?

काका गेजकडे गेले. नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. मग त्यांनी बोट काचेवर ठेवलं आणि कडेने हळूहळू फिरवलं, आकडे हाताला लागतील असं. घड्याळात अकराला पाच कमी असताना छोटा काटा जिथे असतो ती त्यांची जागा होती. जुन्या गेजवर तिथे दीड यायचं. नव्यावर तिथे सव्वादोन.

"कितना है?" इंजिनियरने हळूच विचारलं.

काकांचं बोट पुन्हा काचेच्या कडेने फिरलं. माझी मान खाली गेली. बोललेलं परत घेता आलं असतं तर मी त्या क्षणी काहीही दिलं असतं. त्यांना दिसत नव्हतं. किती दिवसांपासून ते मला माहीत नव्हतं, आणि आता ते नको त्या माणसासमोर मी उघडं केलं होतं.

इंजिनियर गेल्यावर ते म्हणाले, "मोतीबिंदू आसा रे. दोनूय डोळ्यांत. हिवाळ्यात रजा गावणा नाय. मार्चात जाऊन काढून घेवचो होतो. चाळीस दिवस कसेय काढले असते."

चाळीस दिवस. त्यांना आणखी दोन वर्षं काम करायचं होतं. साठीला स्वतःच्या पायांनी निवृत्त व्हायचं, सगळ्यांना जेवण घालून जायचं, असं ते नेहमी सांगायचे. मला आधी एकट्याला सांगितलं असतं तर मी ते चाळीस दिवस सहज सांभाळून घेतले असते. पण माझा फटकळ स्वभाव त्यांना माहीत होता. मला सांगायची त्यांना भीती वाटली असणार.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनियरकडे गेलो. म्हटलं, चूक माझी आहे, मी तोंडाने सांगितलं नाही.

"तुमने लिखा था ना?" तो म्हणाला. "फिर तुम्हारी गलती कैसे? पर बॉयलर पर ऐसा आदमी मैं कैसे रखूँ? मुझे रिपोर्ट देना पड़ेगा."

त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. ज्या लिहिण्याची सवय काकांनी मला लावली त्या लिहिण्याने मी वाचलो आणि ते गेले. महिना संपायच्या आत त्यांचा व्हिसा रद्द झाला.

त्या दिवसांत मी एकटाच जुनं लॉगबुक चाळत बसायचो. वर्षभरापूर्वी काकांचं अक्षर चौकटीत बसायचं. मग ते मोठं होत गेलं, ओळी सोडायला लागलं. डिसेंबरमध्ये एकेक 'दीड' दोन चौकटी व्यापत होता. मी तेव्हा चेष्टा केली होती, "काका, दुकानाची पाटी रंगवताय का?" ते हसले होते. ओलसर डागावरून गळती ओळखणारा मी, वर्षभर हे अक्षर वाढताना बघत होतो.

त्यांना सोडायला मी गाडी घेऊन खाली आलो. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, म्हणून सीबला माझ्या घरीच राहिले. सकाळी त्यांनी तिकिटाचा कागद माझ्या मुलीपुढे धरला. "वाच गो बाय." तिचं मराठी अडखळतं. पण तिने तो इंग्रजी कागद वाचून सगळं मराठीत समजावलं, वेळ दोनदा सांगितली, आणि तुम्हाला का वाचता येत नाही असं एकदाही विचारलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

विमानतळावर मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर ते आधीच म्हणाले, "तू खोटा नाय बोललंस. जा आता, बॉयलर एकटो आसा." मग ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून, पुढच्या माणसाच्या पाठीमागून ते आत गेले.

मार्चच्या शेवटी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. अर्ध्या तासाचं काम, म्हणाले, दुखलंसुद्धा नाही. आता सगळं लख्ख दिसत होतं. पण या वयात नवीन व्हिसा त्यांना कोणी देणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे तो विषय कोणी काढला नाही.

मला नीट न्याहाळून ते म्हणाले, "तुझी मिशी पांढरी झाली रे. कधीपासून?"

"वर्ष झालं, काका."

"माका दिसलीच नाय." मग म्हणाले, "बॉयलर रूमात आसस ना? गेज दाखव."

मी फोन गेजसमोर धरला. ते पडद्याजवळ आलेही नाहीत.

"दीड," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर, काका," मी म्हणालो, आणि ते आणखी काही वाचतील म्हणून फोन तसाच धरून उभा राहिलो.