कवळीवाले बॉक्सिंग शिकतात

त्यांचं खरं नाव बिलावर छापलेलं असायचं, पण दातांच्या दवाखान्यांतल्या रिसेप्शनवरच्या मुली त्यांना फोनवर ‘कवळीवाले’ म्हणत, आणि ते स्वतःही तेच सांगत. “हां, कवळीवाले बोलतोय.”

सत्तावीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं होतं. कुरियरवाला डबा आणून द्यायचा. डब्यात कोणा अनोळखी माणसाच्या जबड्याचा ठसा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायचा. तयार कवळी घासूनपुसून त्याच डब्यातून परत. ती ज्याच्या तोंडात जायची, तो माणूस त्यांना कधी दिसत नसे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत घर. लग्न आज-उद्या करता करता राहूनच गेलं. थोरली बहीण तरुणपणीच एकटी पडली, तेव्हा लहानग्या लेकीला घेऊन ती भावाकडे आली आणि तिथलीच झाली. भाची मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. तिला मूल व्हायच्या वेळी ताई “दोन महिन्यांत येते” म्हणून निघाली. त्याला चार वर्षं झाली होती. तिचे गरम कपडे अजून कपाटात होते.

दर रविवारी ताईचा फोन यायचा.

“जेवलास का?”

“जेवलो.”

“काय केलं होतंस?”

“नेहमीचंच.”

मग मागे बाळ रडायचं आणि फोन बंद व्हायचा. एका सोमवारी कवळीवाले दूध आणायला गेले आणि दुकानात बोलायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. दोनदा खाकरावं लागलं. परत येताना जिन्यात त्यांनी हिशेब लावला. शुक्रवारी कुरियरवाल्याला “ठेवा तिथे” म्हटलं होतं, त्यानंतर थेट आज. रविवारी ताईला सर्दी होती म्हणून फोनही आला नव्हता.

त्याच आठवड्यात मास्तर जिना चढून आले. साठीचा माणूस, नाक एका बाजूला वळलेलं. अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर ते एका बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये बॉक्सिंग शिकवत. त्यांना आठ जणांसाठी माउथगार्ड हवे होते. ठोसा बसला तर दात शाबूत राहावेत म्हणून बॉक्सर तोंडात घालतात, ते.

“बाजारात मिळतात, पण तोंडात ठरत नाहीत,” मास्तर म्हणाले. “तुम्ही मापाचे कराल का?”

काम सोपं होतं. साच्यावर प्लास्टिकची चकती तापवून ओढायची आणि कडा कापायच्या. पण ठसे घ्यायला हॉलवर जावं लागणार होतं. कवळीवाल्यांनी कित्येक वर्षांत जिवंत माणसाच्या तोंडात हात घातला नव्हता. आठही जण रांगेने आले, आ वासून बसले, दोघांना उमासा आला, सगळे हसले. हॉलच्या फरशीवर अजून शाईचे डाग होते आणि छताला ठोसे मारायच्या सहा जड पिशव्या टांगलेल्या.

माउथगार्ड देऊन झाले. तरी कवळीवाले दोन दिवसांनी पुन्हा गेले. नीट बसतायत ना, बघायला. पुढच्या सोमवारी परत, बुधवारी परत.

“अहो,” मास्तर म्हणाले, “आठवड्यात तिसऱ्यांदा फिटिंग बघताय. माउथगार्ड आहे की लग्नाचा कोट?”

कवळीवाले ओशाळून उठले.

“कुठे निघालात? बूट काढा आणि उभे राहा इथे. वय किती?”

“त्रेपन्न.”

“मग आधीच सांगतो. मॅचमध्ये तुम्हाला कोणी उतरवणार नाही. वयाची अट असते.”

“मग शिकायचं कशाला?”

“ते तुमचं तुम्ही बघा. डावा पाय पुढे.”

पहिला महिना तसा फजितीचाच गेला. हाताला पट्टी गुंडाळणं त्यांना चटकन जमलं, कारण बोटं कामाची होती. बाकी काही जमेना. दोरीवरच्या उड्या चारच्या पुढे जात नव्हत्या. पाय कधी एकमेकांत अडकायचे, कधी एकाच जागी रुतून बसायचे. आणि ठोसा मारताना ते श्वास रोखून धरत. मेण कोरताना हात हलू नये म्हणून सत्तावीस वर्षं ते तसेच श्वास रोखत आले होते.

“श्वास सोडा!” मास्तर ओरडायचे. “ठोसा जातो तेव्हा श्वासही जाऊ दे! काय साठवून ठेवताय?”

मास्तर दोन्ही हातांत ठोसे झेलायच्या छोट्या गाद्या धरून समोर उभे राहत आणि आकडे पुकारत. एक म्हणजे डावा, दोन म्हणजे उजवा. “एक! एक-दोन! एक!” कवळीवाल्यांचा ठोसा गादीवर बसून फटकन आवाज झाला की मास्तर मान हलवत आणि पुढचा आकडा सांगत. त्या तीन मिनिटांच्या फेरीत मास्तर फक्त त्यांच्याकडे बघत असत. घंटा झाली की पुढचा माणूस यायचा, आणि कवळीवाले भिंतीशी जाऊन घाम पुसत उभे राहायचे. बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले. ते आपसात बोलत, हसत, एकत्र निघत. कोणी वाईट वागलं नाही. पण “चला काका, चहा घेऊ” असंही कोणी म्हणालं नाही.

फोनवर त्यांनी ताईला सांगितलं. ती खूप हसली. फोन बाजूला धरून आत ओरडली, “अगं ऐकलंस का, मामा बॉक्सिंग शिकतोय!” आतूनही हसणं आलं. कवळीवाल्यांनीही हसल्यासारखं केलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.

समोरासमोरच्या सरावाची वेळ आली तेव्हा त्यांना स्वतःसाठी माउथगार्ड करावा लागला. त्यांनी स्वतःचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं आणि साचा उलटा करून दिव्याखाली धरला. हजारो जबडे हातांखालून गेले होते. साचा बघून ते माणूस ओळखत. हा पान खातो, ही एकाच बाजूने चावते, याला खोटे दात नको होते, मुलांनी भरीस घातलं. स्वतःचे दात मात्र ते पहिल्यांदाच असे बघत होते. दाढा पार सपाट झाल्या होत्या, घासून घासून. झोपेत हा माणूस जबडा आवळून करकरा दात खातो, हे कोणीही सांगितलं असतं.

कोणावर एवढे दातओठ खातोय हा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी साचा फडताळावर ठेवून दिला.

सरावाला जोडीदार मिळाला तो कंडक्टर. बसवर कंडक्टर होता, पंचेचाळिशीचा, हॉलमधला त्यांच्या जवळपासच्या वयाचा एकुलता एक माणूस. आवाज खणखणीत. रिंगमध्येही त्याची सवय सुटत नसे. “पुढे सरका काका, पुढे सरका, मागे भिंत आहे!”

दुसऱ्याच मिनिटाला त्याचा डावा ठोसा कवळीवाल्यांच्या डोळ्याखाली बसला. फार जोराचा नव्हता. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. कंडक्टर घाबरला. ग्लोव्ह्ज घातलेल्या दोन्ही हातांत त्याने त्यांचा चेहरा धरला.

“लागलं का? बघू, बघू इकडे.”

कवळीवाले हलले नाहीत. तो धरून होता तोवर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “काही नाही. चालू दे.”

त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार त्या दोघांचे ठरून गेले. कंडक्टर त्यांना मारायचा, ते चुकवायला शिकायचे. पाचव्या आठवड्यात त्यांचा डावा ठोसा नीट, सरळ, श्वास सोडून कंडक्टरच्या नाकावर बसला. कंडक्टर दोन पावलं मागे गेला आणि ओरडला, “अरे वा! तिकीट फाडलं की माझं!”

ताई आली ती त्याच सुमाराला. डोळ्यांसाठी तिचा जुन्या डॉक्टरांवरच भरवसा होता, म्हणून चार दिवसांकरता. दार उघडलं तसा तिला भावाचा काळानिळा डोळा दिसला.

“म्हणजे खरंच जातोस तू? मला वाटलं गंमत करत होतास.”

“गंमत कशाला करू?”

ती घरभर फिरली, डबे उघडून पाहिले, फडताळावरचा साचा उचलला. इतकी वर्षं या घरात काढल्यावर तिलाही जबडे वाचता यायचे. “दाढा बघ कशा झिजल्यात. कोणाचा हा?”

“माझा.”

ताईने अंगठा दाढांवरून फिरवला. “लहानपणीही खायचास तू झोपेत दात. मी उठून गाल थोपटायचे. मग थांबायचास.”

हे त्यांना माहीतच नव्हतं. ते खुर्चीवर बसले.

“दोन महिन्यांसाठी गेली होतीस तू,” ते म्हणाले.

ताईने साचा खाली ठेवला. “एकदा तरी म्हणालास का, परत ये म्हणून?”

“तू म्हणालीस का, तू पण चल म्हणून?”

खाली कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“लेकीचं घर आहे रे ते,” ताई हळू म्हणाली. “मीच तिथे कोपरा धरून आहे. बाळ शाळेत जायला लागलं की पुढे माझं काय, ते अजून मलाच कळत नाही. तुला कुठे बोलावू?”

त्या चार दिवसांत तो विषय पुन्हा निघाला नाही. जाताना तिने आपले गरम कपडे नेले. कपाटाचा तो कप्पा रिकामा झाला. कवळीवाल्यांनी त्यात प्लास्टरची पोती ठेवून पाहिली, मग ती परत बाहेर काढली.

दोन महिन्यांनी कंडक्टरची दुसऱ्या डेपोत बदली झाली. शेवटच्या शुक्रवारी त्याने घाईघाईत बॅग भरली, “बरंय काका” म्हणाला आणि गेला. तो राहतो कुठे, हेही विचारायचं राहिलं. तेव्हापासून कवळीवाले बहुतेक वेळ टांगलेल्या पिशवीशीच असतात. मास्तरांना वेळ मिळाला तर तीन मिनिटं गाद्या धरतात. तरी गेल्या दीड वर्षात त्यांचा सरावाचा एकही दिवस चुकलेला नाही. दोरीवर आता दोनशे उड्या होतात.

रविवारी फोन येतो. जेवणाचं विचारून झालं की मागे कोणी नसेल तर ताई म्हणते, “या आठवड्यात काय शिकवलं?”

“हुक.”

“म्हणजे कसा असतो?”

पहिल्यांदा तिने असं विचारलं तेव्हा त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पाय रोवले, कोपर वर घेतलं आणि कंबरेतून वळून हवेत ठोसा मारून दाखवला. ताई पलीकडून विचारत राहिली, “ऐकतोयस ना? अरे, आहेस ना तिथे?” मग त्यांच्या लक्षात आलं की तिला काही दिसत नाहीये. त्यांनी फोन उचलला आणि धाप लागलेल्या आवाजात, कोपर कुठे, पाय कुठे, सगळं पहिल्यापासून तिला सांगायला सुरुवात केली.