रिकामा पट्टा

आगाशेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शनिवार पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी, हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन चालताना. पट्ट्याला कुत्रा नव्हता. तरी बाई विजेच्या खांबापाशी थांबत, जरा वाट बघत आणि मग पुढे निघत. आम्ही अकोल्याची माणसं, नवऱ्याच्या हिंजवडीतल्या नोकरीपायी नुकतीच इथे आलेली. मला वाटलं, बिचारीचा कुत्रा गेला असेल. मी हळूच विचारलं, "काकू, कुत्रा कुठे हो तुमचा?"

"अजून परवडलेला नाही," असं म्हणून त्या चालू लागल्या.

मग कळलं ते असं. त्यांच्या भाच्याच्या ऑफिसातलं एक जोडपं परदेशी निघालं होतं आणि आपला कॉली फुकट देणार होतं. कॉली म्हणजे मेंढ्या राखणारा, लांब केसांचा, निमुळत्या तोंडाचा विलायती कुत्रा. बाईंचा तो पाहताक्षणी जीव जडला होता, पण 'फुकट' म्हटल्यावर त्या सावध झाल्या. सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेलेली. "फुकटचं जनावर सगळ्यात महाग. विकतच्याची निदान किंमत आधी कळते," असं त्या म्हणायच्या. जोडपं निघायला अजून काही महिने होते. तेवढे महिने कुत्रा घरात आहे असं धरूनच जगायचं बाईंनी ठरवलं. पेन्शन आली की त्याचं खाणं, लसी, गोचिडीचं औषध, सगळ्याचे पैसे त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत आणि उरलेल्यात महिना काढत. सकाळ-संध्याकाळ पट्टा घेऊन फिरत, कारण पैशांइतकेच गुडघेही पुरायला हवे होते.

कळस झाला वैशाखात. मी दुपारी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेले तर बाई गॅलरीत पदरानं वारा घेत बसलेल्या आणि आत रिकाम्या खोलीत कूलर चालू.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"बिलासाठी," त्या म्हणाल्या.

बिल आलं, कुत्र्याच्या उन्हाळ्याचा खर्च कळला आणि तेवढ्यासाठी बाईंनी नाटकांना जाणं बंद केलं. दर शनिवारी नाटक बघणाऱ्या बाईनं ते सोडणं म्हणजे काय, हे मला अकोल्याची असल्यामुळे जरा उशिरा कळलं. तेव्हा मी आपली म्हणाले, "आणून तर बघा. नाहीच जमलं तर देता येईल कुणाला."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, एकदा देऊन झालाय तो. परत द्यायला ती काय साडी आहे?"

शेवटी कुत्रा आला. छातीवर पांढऱ्या केसांचं उपरणं आणि चाल संस्थेच्या अध्यक्षासारखी, म्हणून बाईंनी त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. त्याला त्या अहो-जाहो करत. रोज कानामागचे केस विंचरताना म्हणत, "हलू नका. जटा झाल्या तर कातरायचे वेगळे पैसे पडतील. विंचरलं तर नुसते माझे हात दुखतात." संध्याकाळी पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांना भाऊसाहेब गोल फेऱ्या मारून एका कोपऱ्यात जमा करत. जेवणवेळेला आयांना पोरं शोधावी लागत नसत.

वर्षं गेली आणि भाऊसाहेबांचे मागचे पाय दुखू लागले. इंजेक्शनं, गोळ्या, तपासण्या, सगळं निघालं. आम्ही वर्गणीचा विषय काढला, तर बाईंनी बरणी पुढे केली. "म्हातारपण पहिल्या महिन्यातच धरलं होतं मी. त्यांचं."

"आणि तुमचं?"

"दोन्ही एकदम आली तर आधी त्यांचं."

दोन्ही एकदमच आली. बाईंना डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी खाली आल्या, पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माझ्यामागे ठेवाल ना त्यांना?"

"ठेवीन की. हे काय विचारणं झालं?"

"मग उद्यापासून तालीम. आधी नुसता पट्टा."

आणि खरोखर मी भर पेठेत रिकामा पट्टा घेऊन फिरले. आधी लाजेनं मेले, मग सवय झाली. खर्च बघून घरातलीही दोन-तीन चैनी कमी केल्या. मगच भाऊसाहेब आमच्याकडे आले, आधी दिवसा, नंतर रात्रीही. त्यानंतर बाई खाली यायच्या थांबल्या. सकाळी गेटपाशी भाऊसाहेब मान वर करून त्यांच्या गॅलरीकडे बघत. बाई वाळत घातलेल्या साडीच्या आड उभ्या असायच्या. साडीखाली त्यांची पावलं मला दिसत.

एकदा न राहवून मी वर गेले. "बाई, एक हाक तर मारा. किती वाट बघतो तो."

"नको. मोठी रक्कम हप्त्यानं फेडायची असते. एकदम मागितली तर मोडतं माणूस." आवाज नेहमीचाच कोरडा ठेवायचा होता त्यांना. तो काही राहिला नाही. इतका जीव असून स्वतःला असं आवरणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना फिरायला काढलं. गेटपाशी ते थांबले, वर पाहिलं. दोरीवर साडी नव्हती. क्षणभर उभे राहिले आणि लंगडत, पण सरळ खांबाच्या दिशेनं चालू लागले. पट्टा ताणला गेला तेव्हा मला कळलं की मी अजून गेटपाशीच उभी आहे. त्यांची तयारी बाईंनी करून घेतली होती. माझी राहिली होती.