टॉवेलचं दार

पाथर्डीच्या पुढे ज्या गावात मी शाळेवर आहे तिथे एकच फोन आहे, किराणा दुकानात. त्या दिवशी दुकानदार स्वतः वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि मी खडू खाली ठेवला, कारण गिऱ्हाईक असो नसो, हा माणूस कधी आपली गादी सोडत नाही. "मास्तर, नगरहून फोन हुता," तो म्हणाला. "तुमचं दाजी गेलं." जीपमध्ये मागच्या बाजूला अंग चोरून बसलो आणि नगर येईपर्यंत एकच चित्र डोळ्यांपुढे नाचत राहिलं. दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान शांतवन, नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशिनवर कामाला होते. प्रेसवरच्या माणसाच्या घरच्यांच्या मनात मशिनखाली हात सापडण्याची धास्ती कायम असते, ती मीही इतकी वर्षं बाळगली होती. पण घरी पोचलो तर दाजींच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. चेहरा स्वच्छ, हात जागच्या जागी. बायका रडत होत्या. अक्का रडत नव्हती. ती भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होती, आणि त्या खिळ्यावर दाजींचा निळ्या काठाचा टॉवेल नव्हता, तो तिच्या मांडीवर होता. मी जवळ बसलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "सुधीर, मी हाक मारली नाही रे. बाजूलाच मेथी निवडत बसले होते. हाक नाही मारली..."

तिचं हे वाक्य कळायला दाजींचा टॉवेल कळायला हवा.

अक्काला बघायला दाजी आमच्याकडे आले ते आपल्या आईला घेऊन. आमचे वडील शाळामास्तर, घरात शुद्ध बोलण्याचा भारी सोस, आणि हा पाहुणा प्रत्येक वाक्याला 'हाय' आणि 'न्हाई' करत होता. वडिलांच्या कपाळावर आठी चढायला लागली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मग दाजी एकदम म्हणाले, "जरा माजी येळ झालीय. बसू का कोपऱ्यात?" कसली वेळ ते कुणाला कळेना. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, भिंतीकडे तोंड करून मांडी घातली, टॉवेल डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढला आणि गप्प झाले. मी तेव्हा कॉलेजात, जिभेला हाड नसलेल्या वयात. मी अक्काच्या कानाशी म्हणालो, "बघ बाई, नवरदेव पोहे खाऊन झोपला." अक्काने मला चिमटा काढला. बऱ्याच वेळाने टॉवेल खाली आला, त्याची चौपदरी घडी झाली, आणि दाजी जिथे बोलणं थांबलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागले. वडिलांच्या कपाळावरची आठी गेली होती. त्या संध्याकाळीच त्यांनी होकार दिला.

टॉवेलची गोष्ट मला पुढे दाजींच्या आईने सांगितली. ही मंडळी पाथर्डी तालुक्यातली, दर वर्षी ऊसतोडीला जाणारी. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत संसार, शेजारी बैल, चोहोकडे माणसं. गावच्या चर्चच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं होतं की प्रार्थना करायची तर माणसाने आपल्या खोलीत जावं, दार लावून घ्यावं, रोज थोडा वेळ देवाजवळ एकट्याने बसावं. म्हातारी मला म्हणाली, "आता कोपीला म्या दार कुठून आनू? मंग म्हनलं, पदर हाय की. पदर त्वांडावर घेतला की लागलं दार." भल्या पहाटे उसाच्या फडावर जायच्या आधी ती तशी बसायची आणि मुलांना सांगून ठेवलेलं, दार लागलंय तवर हाक मारायची न्हाई. मुलगा कारखान्याच्या गाडीवाटेवरून निघाला तो एमआयडीसीत आला, पण त्याच्या नशिबीही एकच पत्र्याची खोली आली. त्याला पदर नव्हता, म्हणून टॉवेल.

नागापूरच्या त्या एका खोलीत दोन्ही गोष्टी एका वेळी चालायच्या, दाजींची प्रार्थना आणि बाकीच्यांचं जगणं. पाळी बदलली की दाजींची वेळ बदलायची, पण चुकायची नाही. मी त्यांना चिडवायचो. "दाजी, देवाला पण शिफ्ट लावली का तुम्ही?" ते म्हणायचे, "देवाला न्हाई मास्तर, मला हाय. म्हनून तर येळ मलाच काढावा लागतो." एकदा मी नेट लावून विचारलं, आत बसून तुम्ही मागता तरी काय? ते जरा ओशाळले. म्हणाले, "मागायचं लांबच राह्यलं. निम्मा येळ कानातली मशिन बंद व्हायलाच जातो. ती बंद झाली की लई बरं वाटतं. मंग मी आपला बसतो तिथंच... त्यो बी बसतो." मी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सणासुदीला जाणारा माणूस. पण हे उत्तर माझ्या मनातून गेलं नाही.

सगळी चाळ त्या टॉवेलला वचकून असायची. भिंतीपलीकडे सुमनवहिनींचं बिऱ्हाड, बौद्ध घर. त्या आपल्या पोरांना दटावायच्या, "शेजारी टावेल पडलाय, टीव्हीचा आवाज कमी कर!" आणि स्वतः मात्र खिडकीतून अक्काशी खुणांनी गप्पा मारत राहायच्या. अक्का कामं पायाच्या चवड्यांवर करायला शिकली. भांडं ठेवताना खाली फडकं घालायची. इतक्या वर्षांत ती 'हाय' म्हणायलाही शिकली, वडील गेल्यावर तिला टोकणारं कुणी उरलं नव्हतं.

पण मेलेल्या माणसाला मखरात बसवायचं म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. दाजी तापट होते. करुणा, त्यांची एकुलती एक मुलगी, चालायला लागली तेव्हाची गोष्ट. वडील टॉवेलखाली बसलेले पाहून तिला वाटलं हा लपंडाव आहे. ती दुडुदुडु गेली आणि तिने टॉवेल खसकन ओढला. दाजींनी तिच्या थोबाडीत मारली. लेकराच्या गालावर बोटं उमटली. मी तिथेच होतो. मी त्यांना नको नको ते बोललो. म्हणालो, असल्या प्रार्थनेला काय चाटायचंय? त्या दिवशी त्यांनी करुणाला खांद्यावरून उतरू दिलं नाही, आणि तिच्यावर पुन्हा कधी हात उचलला नाही. मात्र नियम मोडला नाही. उलट त्या थपडेने तो घरात कायमचा चिणला गेला. टॉवेल डोक्यावर असेतो या घरात कुणी दाजींना हाक मारली नाही. आजारपणात नाही, पाहुणे आले तेव्हा नाही, म्हातारी गेल्याचा निरोप आला तेव्हासुद्धा अक्का निरोप्याला पाणी देऊन टॉवेल खाली यायची वाट बघत उभी राहिली होती.

आणि मग तो दिवस. दाजी रात्रपाळी करून सकाळी घरी आले. छातीत जळजळतंय म्हणाले. कँटीनची मिसळ बाधली असेल, असं अक्काला वाटलं, त्यांनाही वाटलं असावं. चहा नको, आधी बसतो, म्हणून त्यांनी खिळ्यावरचा टॉवेल घेतला आणि कपाट नि भिंत यांच्या कोपऱ्यात आपल्या पाटावर बसले. अक्काने चहावर झाकणी ठेवली आणि मेथीची जुडी सोडली. सुमनवहिनी विरजणाला दही मागायला आल्या, तर अक्काने ओठांवर बोट ठेवलं आणि वाटी हातात दिली. करुणा तेव्हा नववीत. ती वेणी घालून, डबा भरून तयार झाली. निघताना ती अक्काच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पप्पांना आज जास्त वेळ लागतोय का गं?" अक्का म्हणाली, "गप. प्रार्थना चाललीय. जा तू, उशीर होईल." आणि करुणा चपला हातात घेऊन, उंबऱ्याबाहेर जाऊन मग पायात घालून, शाळेत गेली.

एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला भिंत. दाजी पडलेसुद्धा नाहीत.

मेथी निवडून झाली, चिरून झाली, फोडणीला पडली, तेव्हा अक्काला पहिल्यांदा शंका आली, आणि तरीही तिने हाक मारली नाही. तिने त्यांच्या पावलाला हात लावला. पाऊल गार होतं. डॉक्टर म्हणाले, बहुधा बसल्या बसल्या झटक्यात गेले असतील, काही करता आलं नसतं. ते चांगलं सांगायला गेले, पण एक शब्द जास्त बोलले. त्या 'बहुधा'ने माझी बहीण आतून पोखरली जाते आहे. बहुधा झटक्यात गेले असतील. आणि तसे नसतील तर? टॉवेलखाली ते किती वेळ जिवंत होते? त्यांना आवाज द्यायचा होता का? तिची चाहूल त्यांना लागत होती का?... हे प्रश्न ती मला विचारते.

अंत्यविधीला देऊळ भरून गेलं होतं. पाळकसाहेबांनी अगदी गहिवरून सांगितलं की प्रार्थना करता करता प्रभूकडे जाणं असं मरण हजारात एखाद्याला लाभतं. लोक माना डोलावत होते. दफनभूमीवर मूठमूठ माती टाकताना बायका एकमेकींना म्हणत होत्या, भाग्यवान माणूस. मला संताप आला. भाग्यवान कोण? पत्र्याच्या त्या चाळीत चहावर झाकणी ठेवून थांबलेली बाई? अक्का परतताना फक्त एवढंच म्हणाली, "ते आत देवाजवळ होते म्हणतात. मी बाहेर भाजी चिरत होते." पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलं असावं. दोन दिवसांनी ते एकटेच घरी आले, अक्कासमोर खाली बसले, आणि "माझं बोलणं चुकलं, बाई" म्हणून उठले. माझा त्यांच्यावरचा राग तिथे निवळला.

त्यानंतर त्या घरात शांतता म्हणून उरली नाही. अक्का सकाळी डोळे उघडले की रेडिओ लावायची तो झोपेपर्यंत. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, जाहिराती, काय वाट्टेल ते. भांडी मुद्दाम आपटायची. दाजींचं बायबल, आमचं शास्त्र, फळीवर धूळ खात पडलं. ज्या घरात एक दिवसही प्रार्थना चुकली नाही तिथे जेवणाआधीचे चार शब्दही बंद झाले. "मला डोळे मिटायची भीती वाटते," ती म्हणाली. करुणाचं वेगळंच. तिने त्या सकाळबद्दल चकार शब्द काढला नाही, पण घरात कुणी जरा गप्प बसलं की ती हातातलं टाकून यायची. "आई?" अक्काने "काय गं?" म्हटलं की "काही नाही" म्हणून परत जायची. मी पडल्या पडल्या डोळा लावला तरी खांद्याला हात. "मामा?" सुमनवहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, आता मीच भिंतीला कान लावून बसते. आवाज थांबला की माजा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

गेल्या रविवारी मी नागापूरला गेलो होतो. ऊन उतरलं होतं. अक्काने उठून रेडिओ बंद केला. करुणाचं डोकं वहीतून झटकन वर आलं. अक्काने खिळ्यावरचा टॉवेल काढला, तो अजून धुतलेला नाही, आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात दाजींच्या पाटावर जाऊन बसली. भिंतीकडे तोंड केलं. टॉवेल डोक्यावरून पार छातीपर्यंत ओढला. करुणा पांढरीफटक पडली. मी उठणार, तेवढ्यात टॉवेलच्या आतून आवाज आला, "करुणा, अधूनमधून हाक मारत जा गं मला."

ज्या घरात हाक मारायची सोय नव्हती, त्या घरात करुणा हाक मारायला लागली. आधी तिने वही जवळ ओढली. मग "आई." आतून "हं." थोड्या वेळाने पुन्हा "आई." पुन्हा "हं." पोर वहीत गणितं करत होती, की केल्यासारखं करत होती, देव जाणे, पण दर थोड्या वेळाने तिची हाक जात होती आणि दर वेळी आतून उत्तर येत होतं. भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाला. मग बाहेर नळाला पाणी आल्याचा गलका झाला. करुणाने हंडा उचलला, दारापर्यंत गेली, वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, तुम्ही मारा."

खोलीत मी आणि तो टॉवेल. मी कधी गुडघे टेकणारा नव्हे, मला शब्द येत नाहीत. टॉवेल हलत नव्हता. मी म्हणालो, "अक्का."

उत्तर यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात मी उठून उभा राहिलो होतो.

"हाय रे," ती आतून म्हणाली. "हाय मी."